पैसा आहे, हुन्नर आहे. गिऱ्हाईक कुठे आहे?

आपल्या समाजात घराण्यात पहिल्यांदाच नोकरीला लागलेली पिढी आता निवृत्त होत आहे. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, कोणी एस.टी.त वाहक, कोणी परिचारिका, कोणी कार्यालयात कारकून किंवा शिपाई. निवृत्तीच्या दिवशी सहकारी निरोप देतात आणि पुढे काही महिन्यांत भविष्य निर्वाह निधीची व उपदानाची रक्कम बँकेत जमा होते. ज्या घरात आजोबांनी सालगडी म्हणून दुसऱ्याच्या शेतात आयुष्य काढले, त्या घरात एवढा पैसा एकत्र येण्याचा हा पहिलाच प्रसंग असतो. त्याच घरात पदवी घेतलेला किंवा आयटीआय केलेला मुलगा भरतीची वाट पाहत बसून असतो. तो म्हणतो, "बाबा, मला एखादा धंदा टाकून द्या." आई म्हणते, "द्या की, पोरगं किती दिवस बसून राहील?"

हा लेख त्या घरासाठी आहे.

समाजातील तरुणांचे कर्जाचे अर्ज भरून देण्याचे काम मी नोकरी सांभाळून, संध्याकाळी विहारात बसून, बऱ्याच वर्षांपासून करीत आहे. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कर्ज किती मिळतं?" दुसरा प्रश्न: "सबसिडी किती सुटते?" क्वचित एखादा तिसरा प्रश्न विचारतो: "माल तयार झाल्यावर तो घेणार कोण?" माझ्या पाहण्यात जे धंदे बुडाले, ते बहुतेक या न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नावरच बुडाले.

धंदा कशाने चालतो, यावर लोकांची दोन मते असतात. एक म्हणतो, "पैसा पाहिजे, बाकी सगळं आपोआप होतं." दुसरा म्हणतो, "अंगात हुन्नर पाहिजे, पैसा मागून येतो." दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. याचा नीट विचार न करता फंडाची रक्कम काढली, तर बापाची तीस वर्षांची नोकरी दोन वर्षांत दुकानाच्या फळ्यांवर संपते.

आपली पाटी कोरी का?

२००५ च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी एक हिशोब मांडला होता. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा १६.४ टक्के, पण उद्योगधंद्यांच्या मालकीत त्यांचा वाटा ९.८ टक्केच. आणि जे धंदे आहेत तेही बहुतांशी लहान, घरच्याच माणसांनी चालविलेले. याचा अर्थ आपली माणसे कष्टाला कमी आहेत असा कोणी काढू नये. कष्टात आपण कोणाला हार गेलो नाही.

फरक कुठे पडतो ते पाहा. व्यापाऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षी शाळा सुटल्यावर दुकानात बसतो. भाव कानावर पडतात. कोण गिऱ्हाईक वेळेवर पैसे देते आणि कोण बुडवते, हे त्याला आपोआप कळते. मोठा झाल्यावर काका त्याला महिनाभराच्या उधारीवर माल देतो, मामा चार गिऱ्हाइके पाठवितो, सासरा दुसऱ्या गावच्या अडत्याशी ओळख करून देतो. यातले काहीही ताळेबंदात लिहिले जात नाही. पण हे सगळे भांडवलच आहे, आणि ते रोख रकमेपेक्षा मोठे आहे.

आपल्या मुलाला काय मिळते? बापाचा फंड. त्यापलीकडे जमीन नाही म्हणून तारण नाही. घर गावठाणात, त्याचे कागद पुरे नाहीत म्हणून बँक ते धरीत नाही. मग बँक पगारदार जामीनदार मागते, आणि वस्तीतल्या एका शिक्षकाच्या दारात चार घरांची मुले उभी राहतात. एकाचा धंदा बुडाला की जामीनदाराच्या पगारातून हप्ते कापले जातात आणि नातेसंबंध कायमचे तुटतात. असे तुटलेले नाते प्रत्येक वस्तीत सापडेल.

तथागतांनी सांगितलेला दुकानदार

आपल्या घरात त्रिपिटकाचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यात व्यवहाराचे किती शहाणपण आहे याची माहिती कमी आहे. अंगुत्तर निकायात दुकानदारावर एक छोटेसे सुत्त आहे, पापणिक सुत्त. भिक्खूंना साधनेची गोष्ट समजावून सांगताना तथागतांनी दुकानदाराची उपमा घेतली आहे. तीन गुण असलेला दुकानदार थोड्याच काळात संपन्न होतो, असा त्याचा आशय आहे.

पहिला गुण चक्खुमा, म्हणजे डोळस असणे. हा माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, मुद्दल किती आणि नफा किती, हे ज्याला स्पष्ट दिसते तो डोळस. दुसरा गुण विधुरो, म्हणजे खरेदी-विक्रीत हुशार, कामात तरबेज असणे. तिसरा गुण निस्सयसंपन्नो, म्हणजे ज्याला आधार आहे असा. गावातील धनवान माणसे त्याला ओळखतात. हा माणूस कर्तबगार आहे, बायकामुलांना पोसून आपले पैसेही वेळोवेळी परत करील, असा त्यांना भरवसा असतो. म्हणून ती स्वतः होऊन त्याला भांडवल देऊ करतात.

डोळा, हात आणि आधार. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या व्यवस्थापनशास्त्राशीही जुळते. मूळच्या भारतीय असलेल्या सरस् सरस्वती या विदुषींनी अमेरिकेत २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास करून २००१ मध्ये आपला सिद्धांत मांडला. मुरलेला उद्योजक प्रथम स्वतःला तीन प्रश्न विचारतो: मी कोण, मला काय येते आणि मी कोणाला ओळखतो? हाती आहे त्यातून तो सुरुवात करतो. आपण मात्र हाती नसलेल्या रकमेपासून सुरुवात करतो.

आता हे तीन गुण एकेक करून पाहू.

पहिला गुण: हिशोबाचा डोळा

समजा, एखाद्या घराने एक लाख रुपये घालून वस्तीत किराणा दुकान टाकले. फळ्या, काटा, फ्रिज यांत ४० हजार गेले, जागेची अनामत १० हजार, आणि ५० हजारांचा माल भरला. रोजची विक्री १,५०० रुपये. घरात सगळे खूश, "दुकान चांगलं चाललंय!"

आता वही उघडू. महिन्याची विक्री ४५ हजार. किराण्यात दहा टक्के सुटतात असे धरले तर मिळकत ४,५०० रुपये. त्यातून भाडे १,२०० आणि विजेचे ५०० गेले, उरले २,८००. घरात रोज पन्नास रुपयांची साखर, चहापत्ती, तेल दुकानातूनच जाते. ते कोणी लिहीत नाही. महिन्याचे झाले १,५००. आता उरले १,३००. आणि उधारी? रोज दोनशेची उधारी धरली तर महिन्याची सहा हजार. त्यातली निम्मी कधीच वसूल होत नाही. म्हणजे तीन हजार बुडाले. १,३०० मधून तीन हजार वजा केले तर १,७०० रुपयांची तूट येते. ही तूट कोठून भरून निघते? फळीवरच्या मालातून. दहा महिन्यांत १७ हजारांचा माल नाहीसा होतो, वीस महिन्यांत ३४ हजारांचा. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मुलाने दिवसाचे बारा तास दुकानात काढले, त्याची मजुरी तर आपण धरलीच नाही. कर्जाचा हप्ताही धरलेला नाही.

या दुकानात चोरी झाली नाही, मुलगा व्यसनी नव्हता, वस्तीने दगा दिला नाही. केवळ वही नव्हती. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. रोजमेळ, उधारीची खतावणी आणि महिनाअखेर शिल्लक मालाची मोजणी, या तीन वह्या ज्या घरात आहेत त्या घराला तूट दुसऱ्याच महिन्यात दिसते. तेव्हा ती थांबविता येते. घरातली मुलगी दहावी झालेली असेल तर हे काम ती उत्तम करील. दुकानातून घरात जाणारा माल सुद्धा गिऱ्हाइकासारखा लिहायचा, ही शिस्त आईने लावावी. आईने लावलेली शिस्त मोडत नाही.

दुसरा गुण: हातातले कसब

केवळ पैसा दिल्याने गरिबाचा धंदा उभा राहतो का, याची परीक्षा जगात अनेक ठिकाणी झाली आहे. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने छोट्या कर्जाची वाट दाखविली. २००६ मध्ये त्यांना व बँकेला मिळून नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्यानंतर छोट्या कर्जांचा काटेकोर अभ्यास सहा देशांत झाला. त्यांत आपल्या शेजारच्या हैदराबादच्या वस्त्यांचाही समावेश होता. २०१५ मध्ये हे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. छोट्या कर्जाने काही घरांना मदत होते, पण सर्वसाधारण घराचे उत्पन्न त्याने फारसे पालटत नाही, असे त्यांतून दिसले.

मग कसब शिकविल्याने काय होते? आफ्रिकेतील टोगो या देशात दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना हिशोब, जाहिरात वगैरे नेहमीचे प्रशिक्षण दिले. काहींना स्वतः होऊन पुढे पाऊल टाकणे, संधी हेरणे, अडचण येण्याआधी तिची तयारी ठेवणे आणि अपयशातून पुन्हा उभे राहणे, हे शिकविले. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ इतकी थोडी होती की तिचे श्रेय खात्रीने प्रशिक्षणाला देता येत नव्हते. म्हणजे कसब दोन प्रकारचे असते, वस्तू बनविण्याचे आणि धंदा पुढे नेण्याचे. आपल्याकडे पहिले भरपूर आहे. गवंडीकाम, वेल्डिंग, शिवण, बँड, मंडप, वायरमन, यांत आपली मुले कोणापेक्षा कमी नाहीत. दुसरे कसब शिकण्याची जागाच त्यांना मिळालेली नसते.

ती जागा कशी मिळते याचे उत्तम उदाहरण म्हणजे अशोक खाडे. सांगली जिल्ह्यातील पेड या गावचे, चर्मकार समाजातले हे कुटुंब. वडील मुंबईत पादत्राणे दुरुस्त करीत. अशोक खाडे माझगाव गोदीत उमेदवार म्हणून लागले, नोकरी करता करता यांत्रिकीची पदविका मिळविली, आराखडे काढण्याचे काम शिकले आणि पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीलाही जाऊन आले. पुढे दत्ता, अशोक आणि सुरेश या भावांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन 'दास ऑफशोअर' ही कंपनी उभी राहिली. समुद्रातील तेलविहिरींचे सांगाडे बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम ती करू लागली. सुरुवातीची कामे माझगाव गोदीकडूनच मिळाली.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. गोदीतल्या नोकरीने त्यांना पगार दिला आणि कसब दिले, हे तर खरेच. पण कामाचा दर कसा ठरतो, निविदा कशी भरतात आणि गोदीतल्या अधिकाऱ्यांना कोणत्या दर्जाचे काम हवे असते, हेही तिथेच कळले. त्या अधिकाऱ्यांनी या माणसांचे काम डोळ्यांनी पाहिले होते. धंदा सुरू होण्याआधीच गिऱ्हाईक तयार होते.

तिसरा गुण: आधार

आपल्या मुलांना एक जातककथा आवर्जून सांगितली जाते, चुल्लसेट्ठि जातक. एका श्रेष्ठीने रस्त्यात पडलेला मेलेला उंदीर पाहिला आणि सहज म्हटले की, हुशार माणूस एवढ्या भांडवलावरही संसार उभा करील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर एका मांजरासाठी विकला, आलेल्या नाण्याचा गूळ घेतला आणि पाण्याचे मडके भरून रानातून दमून येणाऱ्या फुलवाल्यांना गूळपाणी दिले. त्यांनी मूठमूठ फुले दिली. ती विकून पुन्हा गूळ घेतला. असे करता करता गवत कापणारे, व्यापारी, घोडेवाले यांच्याशी ओळखी झाल्या आणि शेवटी तो तरुण लक्षाधीश झाला.

भांडवल नसले तरी बुद्धीने माणूस मोठा होतो, असे तात्पर्य आपण मुलांना सांगतो. ते बरोबरच आहे. पण कथेत मधली एक पायरी आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. फुलवाल्यांनी त्या तरुणाच्या हातचे पाणी घेतले. मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्यात आपल्या आजोबांनी मडके भरून गूळपाणी देऊ केले असते, तर फुलवाले तहानलेले पुढे गेले असते. उंदीर मिळाला असता, हुशारी होती, गूळही घेतला असता. पण धंदा पहिल्याच दिवशी संपला असता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या घटनेकडे या बाजूनेही पाहावे. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या हातचा माल बाजारात चालत नाही.

स्वतः बाबासाहेबांनाही हा अनुभव आला. अमेरिका-इंग्लंडमध्ये अर्थशास्त्र शिकून आल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर, १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांच्याइतका या विषयाचा अभ्यास असलेली माणसे तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे समजताच लोक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. डोळा होता, कसब होते; गिऱ्हाइकाने पाठ फिरविली.

म्हणून 'मेहनत करा, यश मिळेल' असा कोरडा उपदेश मी करणार नाही. पण आधार हा जन्मानेच मिळतो असेही नाही. तो बांधता येतो. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा गावच्या कल्पना सरोज यांनी तो बांधून दाखविला. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, माहेरी परत येणे आणि त्यानंतर मुंबईत दोन रुपये रोजाने कपड्यांच्या कारखान्यात काम, अशी त्यांची सुरुवात. हातात शिवणकाम होते. शासकीय योजनेतून ५० हजारांचे कर्ज घेऊन त्यांनी फर्निचरचा धंदा सुरू केला. ही एवढीच गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण त्याबरोबर त्यांनी सुशिक्षित बेरोजगारांची संघटना काढली, सरकारी योजनांची माहिती गोळा करून इतरांना दिली, आणि त्या निमित्ताने कार्यालयांत, बँकांत, बाजारात माणसे जोडली. लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन येऊ लागले. पुढे कोर्टकज्जात अडकलेला एक भूखंड त्यांच्याकडे आला, तो या ओळखीतूनच. तो मोकळा करून त्या बांधकाम व्यवसायात उतरल्या.

२००० मध्ये मुंबईच्या कमानी ट्यूब्स या बुडालेल्या कारखान्याचे कामगार त्यांच्याकडे आले. या कारखान्याची कहाणीही विचार करण्यासारखी आहे. १९८८ मध्ये तो कामगारांच्याच मालकीचा झाला होता. नळ्या बनविण्याचे कसब कामगारांपेक्षा अधिक कोणाकडे असणार? तरीही तो चालला नाही. कर्ज, देणी आणि शेकडो कोर्टकचेऱ्यांचे ओझे वाढत गेले. कल्पना सरोज यांना तांब्याच्या नळ्यांतले काही कळत नव्हते. त्यांनी जाणकारांचा गट बसविला, बँकांशी बोलून व्याज-दंडाचा बोजा हलका करून घेतला, आणि २००६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कामगारांकडे हात होता. डोळा आणि आधार या बाईंनी आणला.

त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातील मिलिंद कांबळे यांनाही पद्मश्री मिळाली. २००५ मध्ये त्यांनी पुण्यात दलित उद्योजकांची संघटना, 'डिक्की', स्थापन केली. उद्योजकांनी एकमेकांना ओळखावे, एकमेकांचा माल घ्यावा आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागापर्यंत पोहोचावे, हे तिचे मुख्य काम. व्यापाऱ्याच्या मुलाला काका-मामा जे देतात, ते संघटनेने द्यावे असा हा विचार आहे.

आपल्या हिंगोलीत काय?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हंगामात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या हळदीत आपल्या समाजाचे काय आहे? लागवडीपासून काढणीपर्यंतचे कष्ट. ओल्या हळदीचा साधारण पाचवा हिस्सा वाळलेली हळद मिळते. शिजवणे किती, वाळवणे किती, कोणता माल पॉलिशला चांगला उतरतो, हे आपल्या आयाबहिणींना नजरेने कळते. ते कसब दरवर्षी रोजंदारीच्या भावाने विकले जाते.

हळद शिजविण्याचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम भाड्याने फिरविणे हा हंगामी धंदा आहे. एक कुकर घेण्याआधी तीन गोष्टी मोजता येतील. हंगाम किती दिवसांचा आणि दिवसाला किती माल होईल, हा डोळा. यंत्र बिघडले तर गावातच दुरुस्त करणारा वेल्डर मुलगा घरात आहे का, हा हात. आणि कुकर येण्यापूर्वी किती शेतकऱ्यांनी "आमची हळद तुझ्याकडे" असा शब्द दिला आहे, हा आधार. शब्द देणारे दहा शेतकरी नसतील तर यंत्र घेऊ नये. हळद दळून पाकिटात विकायची असेल तर अन्न परवान्याची नोंद लागेल आणि गिऱ्हाईक गावाबाहेर शोधावे लागेल. मानांकनाचे नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी संधी औंढा नागनाथ तालुक्यात आली आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला शास्त्रज्ञांबरोबर जेवण, वाहने, साफसफाई, किरकोळ साहित्य, दुरुस्ती हेही लागणारच. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वस्तू व सेवांच्या खरेदीत लघुउद्योगांचा वाटा ठेवावा, असा २०१२ चा आदेश आहे. २०१९ पासून तो वाटा २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. हे चार टक्के वर्षानुवर्षे पूर्ण भरले गेले नाहीत. याचे एक कारण खरेदी करणाऱ्यांची उदासीनता. दुसरे कारण म्हणजे नोंदणी केलेला, कागद पूर्ण असलेला, वेळेवर माल पोहोचविणारा आपला माणूस यादीतच नसतो. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर नाव घालता येते. हे काम कर्जाच्या अर्जाआधी करावे.

योजना आपल्याकडे कमी आल्या नाहीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये स्थापन झाले. त्याला महात्मा फुल्यांचे नाव आहे हेही योग्यच. कारण जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, हे आपण विसरतो. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःची रक्कम केवळ ५ टक्के, असे प्रमाण ठेवले गेले. २०१५ मध्ये मुद्रा कर्ज आले. २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया आली. तिच्यात १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या कर्जाची सोय होती. रक्कम वाढत गेली. पण योजना पैसा देते. वही लिहीत नाही आणि गिऱ्हाईक आणून देत नाही. अनुदानावर डोळा ठेवून घेतलेली शेळी वर्षाच्या आत बाजारात जाते आणि बँकेच्या दप्तरात आपल्या सगळ्या समाजाची पत घसरते. पुढच्या प्रामाणिक अर्जदाराला साहेब का उभे करीत नाहीत, याचे एक उत्तर तिथेही आहे.

घरात बसून ठरविण्याच्या गोष्टी

माता-भगिनी आणि निवृत्त बांधवांना माझी विनंती आहे की, फंडाची रक्कम काढण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पुढील गोष्टी ठराव्यात.

एक, ज्या धंद्यात पडायचे आहे, त्याच धंद्यात मुलाने किमान एक वर्ष दुसऱ्याकडे नोकरी करावी. पगार कमी मिळाला तरी चालेल. दास ऑफशोअरची सुरुवात गोदीतल्या उमेदवारीतून झाली, हे त्याला सांगावे.

दोन, पहिली दहा गिऱ्हाइके कोण, त्यांची नावे कागदावर लिहावीत. त्यांतली निदान पाच वस्तीबाहेरची असावीत. वस्तीतला पैसा वस्तीतच फिरून धंदा वाढत नाही.

तीन, सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यासाठी आणि चौथा भाग संकटासाठी राखून ठेवायचा. फंड हे काही दरमहाचे उत्पन्न नव्हे. तो पुन्हा येणार नाही. म्हणून धंद्यात घालायच्या रकमेवर याहूनही कडक मर्यादा हवी. म्हातारपणाचे औषधपाणी आणि लहान मुलीचे शिक्षण यांचा पैसा आधी बाजूला काढावा. उरलेल्यातलाही निम्मा फळ्या-फर्निचरमध्ये अडकवू नये. खेळते भांडवल हातात ठेवावे.

चार, जामीन राहण्यापूर्वी त्या धंद्याची वही पाहण्याचा हक्क मागून घ्यावा. वही दाखवायला जो कां कूं करतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा. त्याने नाते तुटणार नाही. कर्ज थकल्यावर मात्र तुटते.

पाच, आपल्या माणसाच्या दुकानातून माल घेतला तर पैसे रोख द्यावेत. "घरचंच दुकान आहे" म्हणून उधारी करणारे नातेवाईक हे त्या दुकानाचे सर्वांत मोठे नुकसान करतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपली गरीब माणसे पदरचे रोख पैसे देऊन पुस्तके आणि मूर्ती घेतात. त्या गर्दीवर कितीतरी छोटे प्रकाशक आणि विक्रेते उभे राहिले. रोख देणारे गिऱ्हाईक काय उभे करू शकते, हे आपण दरवर्षी पाहतो. तोच नियम गल्लीतल्या दुकानाला लावावा.

आणि विहारांच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक सूचना. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक तास वहीचा ठेवावा. धंदा करणाऱ्या मुला-मुलींनी आपापला रोजमेळ घेऊन यावे आणि समाजातील बँक कर्मचारी, लेखापाल, वाणिज्य शिकलेली मुले यांनी तो तपासून द्यावा. याला शासनाची मंजुरी लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. दोन-तीन वर्षे नेमाने वही लिहिलेला आणि प्रत्येक हप्ता वेळेवर भरलेला मुलगा बँकेत गेला, तर जामीनदाराच्या आधी त्याची वही बोलेल. पापणिक सुत्तातला तिसरा गुण, लोकांचा भरवसा, तो याच वहीतून तयार होतो. आपल्या पूर्वजांना तो मिळू दिला गेला नाही. आपल्या मुलांना तो मिळवून देणे आता बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

जयभीम.